दट्ट्या की फिरकी? ट्यूबाचं 'बोअर' समजून घेताना

परवा एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. मुलगा कॉलेजच्या बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे फुंकून वाजवायचं सगळ्यात खालच्या आवाजाचं पितळी वाद्य, वाजवतो. आता स्वतःचं वाद्य घ्यायचं ठरलंय. दोन वाद्यांवर गाडी अडली होती. एकाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं, 'चार पिस्टन, बोअर ०.६८९ इंच'. दुसऱ्याच्या, 'चार रोटरी व्हॉल्व्ह, बोअर ०.७७० इंच'. किमती दोन्हींच्या लाखांत. "०.७७० म्हणजे नळी मोठी, म्हणजे आवाजही मोठा. मग तोच घेऊ ना?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा येतो आणि दर वेळी फोनवरचं उत्तर अर्धवट राहतं. त्या दोन आकड्यांतला फरक आहे जेमतेम दोन मिलिमीटरचा. पण बोअरचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. व्हॉल्व्ह कोणत्या जातीचे आहेत, ते नळीच्या कितव्या फुटावर बसवलेत आणि त्यांच्यापुढे नळी कशी फुगत जाते, या तिन्ही गोष्टी बरोबर घेतल्या तरच त्याला अर्थ येतो.

तुतारीपासून सुरुवात करू

तुतारी वाजवणाऱ्याकडे नीट पाहा. त्याची बोटं काहीच करत नाहीत. तो ओठांचा ताण बदलतो आणि नळी तिच्याकडचे ठरावीक स्वर देते. मधले स्वर ती देतच नाही. वरच्या पट्टीत हे ठरावीक स्वर एकमेकांच्या जवळ येतात, पण खाली त्यांच्यात मोठ्या दऱ्या असतात. पहिल्या आणि दुसऱ्या स्वरात अख्खं सप्तक, दुसऱ्या आणि तिसऱ्यात सा ते पंचम एवढं अंतर. ट्यूबाचं काम तर नेमकं या खालच्या मुलखात. दऱ्या बुजवायच्या तर नळीची लांबी वाजवता वाजवता बदलता आली पाहिजे, आणि त्यासाठीच व्हॉल्व्ह लागतात.

व्हॉल्व्ह म्हणजे रेल्वेचे सांधे. बटण दाबलं नाही तर हवा मेन लाइनने सरळ पुढे जाते. दाबलं की ती बाजूच्या लूप लाइनवर वळते, तिथून फेरा मारून पुन्हा मेन लाइनला येते. तेवढ्या फेऱ्याने नळी लांबते आणि स्वर उतरतो.

आता थोडे आकडे. बी-फ्लॅट ट्यूबाची (मूळ स्वर पाश्चात्त्य 'बी-फ्लॅट' असलेल्या ट्यूबाची) नळी उलगडून सरळ केली तर सुमारे १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर भरते. तिचा सगळ्यात खालचा मूळ स्वर सेकंदाला साधारण २९ कंपनांचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या पेटीच्या तळापेक्षाही पुष्कळ खालचा. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याला अर्धस्वर म्हणू. एक अर्धस्वर उतरायचा तर नळी सुमारे ६ टक्क्यांनी लांब व्हायला हवी. त्या हिशेबाने दुसऱ्या व्हॉल्व्हच्या लूपमध्ये ३३ सेंटीमीटर नळी लागते. पहिला व्हॉल्व्ह दोन अर्धस्वर उतरवतो, त्याला ६७ सेंटीमीटर. तिसरा तीन अर्धस्वर, १०४ सेंटीमीटर. चौथा पाच अर्धस्वर, १८४ सेंटीमीटर. चारही दाबले की साडेपाच मीटरच्या वाद्यात जवळजवळ चार मीटर नळीची भर पडते. ही चार मीटरची भर पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ आहे.

बोअर म्हणजे नेमकं कुठलं माप?

ट्यूबा हे आतून लांबच लांब नरसाळं आहे. ओठ लावायच्या माउथपीसच्या गळ्याशी भोक जेमतेम ८ मिलिमीटरचं, आणि शेवटी भोंग्याचं तोंड ३५ ते ५० सेंटीमीटर. नळी वाटेत सतत रुंदावत असताना 'व्यास अमुक' असं म्हणायचं तरी कुठल्या जागेचं?

उत्तर व्हॉल्व्हपाशी आहे. व्हॉल्व्हच्या लूप सूर जुळवण्यासाठी आत-बाहेर सरकाव्या लागतात. एक नळी दुसरीत सरकायची तर दोन्हींचा व्यास टोकापासून टोकापर्यंत सारखाच हवा. नरसाळं नरसाळ्यात सरकत नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या पट्ट्यात ट्यूबाची नळी फुगणं थांबवून सरळ होते. त्या सरळ नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर.

माझ्या ट्यूबाच्या दुसऱ्या व्हॉल्व्हची लूप मी काढून टेबलावर ठेवली आहे. तळहातावर मावेल एवढा इंग्रजी यू. आतल्या कडेला व्हर्नियर लावला तर साडेअठरा मिलिमीटर, पाऊण इंचाला थोडा कमी. घरच्या नळजोडणीत पाऊण इंची पाइप असतो, साधारण तेवढाच. ट्रम्पेटचं बोअर पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असतं, बँडमधल्या युफोनियमचं, म्हणजे ट्यूबाच्या धाकट्या भावंडाचं, १५ च्या आगेमागे, आणि ट्यूबांचं बहुधा १६ ते २१. एवढ्या अगडबंब वाद्याचा कणा एवढा बारीक असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही.

बोअरचा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा परिणाम इथेच होतो. नरसाळं कुठे थांबवून सरळ करायचं, हे बोअरवरून ठरतं. बोअर बारीक असेल तर व्हॉल्व्ह माउथपीसच्या जवळ येतात आणि त्यांच्यापुढे सलग रुंदावत जाणारी लांब वाट मोकळी राहते. बोअर रुंद असेल तर दोनच पर्याय राहतात. एक तर व्हॉल्व्हच्या आधीची नळी भराभर रुंद करायची, नाहीतर व्हॉल्व्ह आणखी पुढे ढकलायचे. प्रत्येक कारागिराने यातून आपापला मार्ग काढलेला असतो, म्हणूनच एकाच बोअरचे दोन ट्यूबा वेगळे बोलतात.

दट्ट्या: लिफ्टसारखा वर-खाली

पिस्टन व्हॉल्व्ह म्हणजे दट्ट्याच. उभ्या नळकांड्यात वर-खाली होणारा धातूचा पोकळ दंडगोल, आणि त्याला आरपार काही बोगदे. अशी लिफ्ट कल्पा जिच्या आतच रस्ते बांधलेत. ती वरच्या मजल्यावर थांबली की एक रस्ता बाहेरच्या रस्त्याला जुळतो, खाली आली की दुसरे दोन जुळतात. आज वापरात असलेला दट्ट्या मुख्यतः पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांनी १८३९ च्या सुमारास घडवलेल्या रचनेचा आहे.

दट्ट्या तळहातावर घेऊन उजेडात फिरवला की त्याची अडचण दिसते. बोगदे एकमेकांना चुकवत तिरके गेलेले असतात आणि जिथे दोन अगदी जवळून जातात तिथे एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या वाटेत थोडा घुसलेला असतो. बोअर वाढवा, बोगदे जाड होतात. त्यांना जागा द्यायची तर दट्ट्या जाड करावा लागतो. जाड दट्ट्या जड. शिवाय बोगदा पूर्ण बदलण्यासाठी दट्ट्याला साधारण बोअरएवढं अंतर खाली जावं लागतं, म्हणजे बोअर वाढलं की बोटाची चालही वाढली. जड दट्ट्याला वर आणायला स्प्रिंग कडक हवी, आणि कडक स्प्रिंग दाबायला बोटाचा जोर. जलद लयीत चौथ्या बोटाची, करंगळीची, काय अवस्था होते ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून दट्ट्यांच्या ट्यूबांचं बोअर बहुतेक वेळा साडेसतरा ते एकोणीस मिलिमीटरच्या पट्ट्यात राहतं. बोटं याहून जास्त सहसा मानत नाहीत.

दट्ट्याचे गुणही तितकेच ठोस आहेत. वरची टोपी उघडली की तो हातात येतो. पुसा, तेल लावा, परत बसवा. दोन मिनिटांचं काम. अर्धा दाबून स्वर घसरत नेण्याची जी लकब आहे, ती त्याच्यावर छान साधते.

फिरकी: पाव वळणाचा हिशेब

रोटरी व्हॉल्व्ह म्हणजे फिरकी. गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह आठवा. दांडी पाव वळण फिरवली की पाणी सुरू किंवा बंद. इथेही एक छोटा दंडगोल गोल डबीत बसलेला असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाकडे बोगदे कोरलेले असतात. बोट तरफ दाबतं, तरफ दांडा ओढते, फिरकी ९० अंश फिरते आणि हवेची वाट बदलते. व्हिएन्नाचे योझेफ रीडल यांनी १८३५ मध्ये हिचं पेटंट घेतलं.

बोअर कितीही असो, फिरकीला फिरायचं असतं ते पाव वळणच. बोटाची चाल तरफेच्या लांबीवरून ठरवता येते, म्हणून रुंद बोअरचा बोटांना होणारा त्रास इथे पुष्कळ कमी होतो. वीस मिलिमीटरच्या आगेमागे बोअर असलेले फिरकीचे ट्यूबा सर्रास दिसतात याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरी खुबी मला जास्त महत्त्वाची वाटते. फिरक्या एकापुढे एक बसवताना प्रत्येकीचं बोअर थोडं थोडं वाढवत नेता येतं. समजा पहिलीचं १९ मिलिमीटर तर शेवटचीचं २१. म्हणजे व्हॉल्व्हच्या पट्ट्यातही नरसाळं पायऱ्यापायऱ्यांनी रुंदावत राहतं, सपाट होत नाही. चार दट्ट्यांच्या संचात मात्र बोअर बहुधा एकच ठेवलेलं असतं. वर सांगितलेली चार मीटर सरळ नळी आठवली की या चढत्या बोअरचं मोल कळतं: चौथ्या व्हॉल्व्हची १८४ सेंटीमीटरची सगळ्यात लांब लूप सगळ्यात रुंद नळीची होते.

फिरकीची किंमत देखभालीत मोजावी लागते. दांडे, सांधे, छोटे स्क्रू, प्रत्येकाला वेगळं तेल. दांड्याचा सांधा सैल झाला की खटखट सुरू. फिरकी बाहेर काढायची तर सराईत हातच लागतो, कारण ती हलके ठोकून काढावी लागते आणि ठोका चुकला तर बसण्याची जागा बिघडते.

मग मोठं बोअर म्हणजे मोठा आवाज नाही का?

इथे पाण्याच्या पाइपची उपमा सोडून द्यावी लागते, कारण ती फसवते. पाइप रुंद तर पाणी जास्त, हे खरं. पण ट्यूबातून ऐकू येते ती वाहणारी हवा नव्हे. ओठांपासून भोंग्यापर्यंत नळीतल्या हवेच्या स्तंभात लाट उभी राहते, आणि कानाला ऐकू येतो तो तिचा भोंग्यातून बाहेर पडणारा भाग. त्या लाटेचा स्वभाव अख्ख्या नरसाळ्याच्या आकारावर, त्यातही व्हॉल्व्हच्या पुढच्या भागावर ठरतो.

याचा सगळ्यात बोलका दाखला शिकागोचा आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी एक प्रचंड ट्यूबा घडवला. तो पुढे आर्नल्ड जेकब्स यांच्याकडे आला. १९४४ ते १९८८ इतकी वर्षं ते शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवत होते आणि त्या काळातल्या त्यांच्या वादनाने जगभरच्या ट्यूबावादकांचे कान घडवले. अख्खा वाद्यवृंद खांद्यावर तोलून धरणारा असा तो आवाज. या ट्यूबाला चार दट्टे आणि पाचवी फिरकी आहे, आणि बोअर ०.७५० इंच. नेमका पाऊण इंच!

म्हणजे फोनवरच्या गृहस्थांच्या ०.७७० वाल्या ट्यूबापेक्षा बारीक. ०.७७० बोअरचे फिरकीचे ट्यूबा आकाराने मध्यमच असतात, आणि यॉर्क त्यांच्याशेजारी ठेवला तर थोरला भाऊ वाटावा. त्याचा मोठेपणा बोअरमध्ये नाही, व्हॉल्व्हनंतर नळी ज्या वेगाने आणि जितकी फुगत जाते त्यात आहे. पुढे यामाहासारख्या कंपन्यांनी त्याच वाद्याची बारीकसारीक मापं घेऊन आपले ट्यूबा बनवले. तेव्हा मोजावा लागला तो अख्ख्या नळीचा फुगवटा. बोअरची नक्कल तर कुणीही करू शकेल.

आणखी एक गोष्ट. प्रकृतीमुळे जेकब्स यांच्या फुप्फुसांची क्षमता बेताची होती. श्वासाचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. 'मोठ्या ट्यूबाला पैलवानाची छाती हवी' असं बजावून कुणी मुलामुलींना मागे खेचत असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

मग बोअरने काही फरक पडतच नाही?

पडतो, आणि तो पहिल्यांदा वाजवणाऱ्याला जाणवतो. बारीक बोअरच्या वाद्यात फुंकर परत ढकलली जाते आहे असं वाटतं. ओठांना टेकायला काहीतरी मिळतं. हळू आवाजात स्वर स्थिर धरणं सोपं जातं, हवा बेताने पुरते, स्वराला कड येते. रुंद बोअरमध्ये वाट मोकळी. खालचे स्वर सैलपणे उलगडतात, मात्र ओठ आणि श्वास तयारीचे नसतील तर स्वर पसरट होतो. शिकाऊ मुलांना रुंद बोअरवर पहिली दोन वर्षं हवेशी झगडताना मी पाहिलंय, आणि त्यांना वाटत राहतं की दोष आपलाच आहे. या बाबतीत माझं मत ठाम आहे: वाढत्या वयाच्या मुलाला मध्यम बोअरच द्यावं.

चार व्हॉल्व्ह असूनही खाली सूर का चढतो?

ही शंका प्रत्येक नव्या वादकाला येते. पगाराचं उदाहरण घेऊ. महागाई भत्ता टक्क्यांत ठरतो, पण कुणाला तो कायमचा ठरावीक रुपयांत दिला तर? पगार वाढला की तीच रक्कम अपुरी पडणार. ट्यूबाचं तसंच होतं. चौथा व्हॉल्व्ह दाबला की नळी ५.५ मीटरवरून ७.३४ मीटर होते. आता अर्धस्वर उतरायला त्याच्या ६ टक्के, म्हणजे ४४ सेंटीमीटर हवेत. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या खिशात मात्र ३३ च आहेत. ११ सेंटीमीटर कमी पडले आणि स्वर चढा लागला. पहिल्या व्हॉल्व्हच्या बाबतीत ही तूट २३ सेंटीमीटरची.

यावर तोडगे दोन, आणि कोणता निवडायचा ते व्हॉल्व्हच्या जातीशी जोडलेलं आहे. लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये युक्ती काढली ती अशी: चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा परतीच्या वाटेने पहिल्या तिन्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा फिरते, आणि तिथे प्रत्येकाला नेमकी तुटीएवढी छोटी लूप जोडलेली असते. भरपाई आपोआप होते. ब्रिटिश ब्रास बँडचे ट्यूबा आजही असे असतात. बोटांना नवं काही शिकावं लागत नाही, पण एकाच दट्ट्यात दुप्पट बोगदे येतात. दट्ट्या लांब आणि जड होतो, हवेला जास्त वळणं घ्यावी लागतात आणि तळाचे स्वर जरा कोंडल्यासारखे लागतात. अशा वाद्यात बोअर वाढवत न्यायला फारसा वाव उरत नाही.

दुसरा तोडगा जर्मन आणि अमेरिकन परंपरेचा: सरळ पाचवा व्हॉल्व्ह जोडायचा. त्याची लूप बहुधा ९० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे चौथ्याबरोबर बरोबर दोन अर्धस्वर उतरवेल अशी. बोटांचं गणित अवघड होतं, वाट मात्र मोकळी राहते. फ्रेंच या रस्त्याने सर्वांत पुढे गेले. त्यांचा जुना सी ट्यूबा जेमतेम ८ फुटांचा, पण व्हॉल्व्ह सहा. लहान वाद्यातून तळ गाठायचा म्हणून त्यांनी ही सगळी बटणं स्वीकारली.

देशोदेशी वेगळे ट्यूबा का?

१२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि कारागीर योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी बास ट्यूबाचं पेटंट घेतलं. त्या पहिल्या ट्यूबाला फिरकी नव्हती; आखूड, जाड असे पाच बर्लिन पद्धतीचे दट्टे होते. पुढे व्हिएन्ना, बोहेमिया आणि जर्मनीच्या कारखान्यांनी फिरकीचा हात धरला, तर पॅरिस आणि लंडनने दट्ट्याचा. कारागिरांचे साचे, वादकांची सवय आणि संगीतकारांच्या कानातला आवाज, तिन्ही एकमेकांना घट्ट करत गेले.

आपल्याकडे बँड आला तो ब्रिटिश पलटणींबरोबर, म्हणून उभे दट्टे हीच आपली ओळखीची रचना. लग्नाच्या वरातीत किंवा विसर्जन मिरवणुकीत धूळ, गुलाल आणि पाऊस एकाच दिवशी झेलावे लागतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून दट्टे काढून पुसता येतात. फिरकीला असं करता येत नाही. वाद्य कुठे वाजणार आहे, हा प्रश्न बोअरच्या आधी विचारायला हवा.

मग त्या मुलाने काय घ्यावं?

येत्या रविवारी तो दोन्ही ट्यूबा वाजवून पाहणार आहे. मी त्याला सांगितलंय की माहितीपत्रक घरीच ठेव. आधी मधला सा अगदी हळू आवाजात दहा आकडे धर, स्वर डुलतो का बघ. मग चौथा व्हॉल्व्ह दाबून तोच स्वर खाली ने, आणि त्यात दुसरा मिळवून सूर किती चढतो ते तानपुऱ्याच्या ॲपवर ताड. करंगळीने चौथा व्हॉल्व्ह सलग वीस वेळा दाब. विसाव्या वेळी ती पहिल्यासारखीच हलली पाहिजे. आणि निघण्यापूर्वी विक्रेत्याला विचार, फिरकीचा दांडा तुटला तर तो इथे कोण दुरुस्त करून देईल, आणि किती दिवसांत.